रिकामा डबा परत येत नाही

इटालियन खाण्याची गाडी सोलापुरात चालेल का, हा प्रश्न आमच्या घरात रीतसर चर्चेला आलाच नाही. मी दुपारी जेवून आडवा झालो तेव्हा दारात माझी स्कूटर होती. चहाला उठलो तेव्हा स्कूटर भिंतीला चेपून लावलेली होती आणि तिच्या जागी एक टेम्पो उभा होता. टेम्पोची एक बाजू कापून तिथे वर उचलायची फळी बसवली होती, आणि फळीखाली आमची चेतना आणि गॅरेजवाले महबूबभाई उभे होते. महबूबभाई मला म्हणाले, ‘साहेब, इंजिन एकदम बढिया हाय. अंदर क्या पकाना, वो अब तुमी ठरवा.’ एवढं बोलून ते गेले, आणि ठरवणं तेवढं आमच्याकडे राहिलं.

चेतना, म्हणजे आमची मुलगी, काही वर्षं प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात होती. तिथे तिच्याकडे इटालियन विभाग होता. या खेपेला सुट्टीवर आली आणि म्हणाली, आता इथेच काहीतरी करावंसं वाटतंय. वाटतंय म्हणाली, करणार म्हणाली नाही. जहाज कंपनीचा मुंबईचा माणूस तिला सारखे फोन करत होता. तिने त्याच्याकडे महिनाअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर मेन्यू मनासारखा जमला तर गाडी सुरू करायची, नाही तर टेम्पो परत महबूबभाईंकडे आणि ती परत जहाजावर, असं तिने सरळ सांगून टाकलं.

मला ती इथे हवी होती. अनसूयाला, म्हणजे माझ्या बायकोलाही हवी होती. पण आम्ही दोघांनी तिला तसं सांगितलं नाही. आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही. फारच भरून आलं तर चहा टाकू का म्हणून विचारतो. त्या आठवड्यात चेतनाला इतका चहा प्यावा लागला की तिला पित्त झालं.

मग मी मेन्यू स्वतः मनावर घेतला. नोकरीत मी टंचाई शाखेत होतो. सांगोल्याकडच्या कुठल्या वाडीला टँकर कधी जायचा, आधी माणसांची भांडी भरायची की मेंढरांची टाकी, हे माझ्या टेबलावरून पुढे जात असे. ज्याने ते निभावलं त्याला पास्ता काय जड जाणार, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. चेतनाचा मेन्यू अगदीच त्रोटक होता. टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता, रिसोट्टो नावाचा भात, लझानिया नावाचे थर, वांग्याचा एक भाजलेला प्रकार आणि पिझ्झा. एवढ्यावर गाडी कशी चालेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, एवढ्यावरच चालते. तिचं वय लहान आहे असं मनात म्हणून मी विषय वाढवला नाही.

परवान्याच्या कामाला मी एकटाच गेलो, कारण अर्ज हा माझा प्रांत आहे. टेबलापलीकडचे गृहस्थ सज्जन होते, आणि पुढचं सगळं त्यांच्या सज्जनपणामुळेच घडलं. त्यांनी पदार्थांची नावं विचारली. रिसोट्टो म्हणजे काय? मी भात असं सांगितलं. साधा की मसाले? मी थोडा विचार करून मसाले म्हटलं. लझानियापाशी आम्ही दोघेही बराच वेळ अडकलो. पोळीवर पोळी आणि मध्ये भाजी, हे मी दोन्ही तळहातांनी करून दाखवलं. त्यांनी ‘भरलेली पोळी’ असं लिहून घेतलं आणि ती पुरणपोळीच्या वर्गात जाते असा निर्णय दिला. मग पेन खाली ठेवून घरच्या माणसासारखं म्हणाले, की साहेब, पुढे एखादा पदार्थ वाढवायचा झाला तर नवा अर्ज, नवी तपासणी. त्यापेक्षा सुचेल ते सगळं आत्ताच घालून ठेवा.

हाच सल्ला मी आयुष्यभर टेबलाच्या त्या बाजूला बसून लोकांना दिला होता. मला गहिवरून आलं. मी अर्जात चहा घातला. चहा आला म्हणून पोहे घातले, पोह्यांना एकटं वाटू नये म्हणून उपमा आणि शिरा घातला. साबुदाण्याची खिचडी, ताक, कोथिंबीर वडी. त्या गृहस्थांनी स्वतःहून ‘हंगामात हुरडा’ सुचवलं, तेही घेतलं. घरी येऊन मी पोच चेतनाच्या हातात दिली. तिने ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि यात इटली कुठे आहे असं विचारलं. मी मसालेभातावर बोट ठेवलं.

एव्हाना टेम्पोची बातमी सगळ्या सोसायटीत झाली होती. आमच्या भिंतीला भिंत लागून गौरम्मा राहतात. अक्कलकोटकडच्या आहेत, घरी कडक भाकऱ्या करून विकतात. चेतनाचा पिझ्झा त्यांनी उलटा करून बघितला, बोटाने वाजवला आणि म्हणाल्या, ‘अय्यो, ही आमची कडक भाकरीच की. वर टमाटं घातलं नि नाव बदललं. त्यात काय लई हाय?’ दुसऱ्या दिवशी त्या कडक भाकऱ्यांची चळत घेऊन आल्या आणि पिझ्झ्याचा खालचा भाग तयार आहे, वरचं तुम्ही बघा, असं सांगून गेल्या. वरच्या मजल्यावरच्या इंद्रायणीबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी मला जिन्यात उभं करून विचारलं, की उपासाचं काय केलंत? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. अख्ख्या सोलापुरात कुणाचाच उपास नाही असा एक दिवस दाखवा, असं त्या म्हणाल्या. मला दाखवता आला नाही. त्यामुळे उपासाचा पास्ता आला, वरईच्या पिठाचा.

महबूबभाईंच्या घरून, म्हणजे शमशादभाभींकडून, निरोप आला की थरांमध्ये भाजी कुठे टिकते, खिमा घाला. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. हे मी महबूबभाईंना अडखळत सांगितलं, तर त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही. गाडीला दोन बाजू असतात, दुसऱ्या बाजूला दुसरी खिडकी पाडू, इधर का इधर, उधर का उधर, असं म्हणून त्यांनी खिशातून खडू काढला आणि टेम्पोच्या चांगल्या बाजूवर चौकोन आखला. मी नको म्हणू शकलो नाही. नोकरीत मला नाही म्हणणं जमत होतं, कारण तिथे वरून आदेश येत असत.

मेन्यू असा चहूबाजूंनी भरत चालला होता आणि चेतना मात्र गप्प होत चालली होती. मला वाटलं, कामाचा ताण असेल. एका संध्याकाळी ती ओट्याला टेकून म्हणाली, की बाबा, पदार्थ किती हा प्रश्नच नाही. मी जे करते ते इथल्या माणसाच्या जिभेला कसं लागतं, हे मला कळलं पाहिजे. कुणीतरी मला खरं सांगा.

खरं मत गोळा करणं, हे तर शास्त्र आहे. समोर बसवून विचारलं की माणूस भिडस्तपणे बोलतो, म्हणून मी डब्यांची पद्धत शोधून काढली. स्टीलच्या डब्यांतून नमुने घरोघर पाठवायचे. डबा रिकामा परत आला तर पदार्थ पास, उरलेलं आलं तर नापास. विचारायची गरजच नाही, डबाच बोलणार. अनसूया धान्य निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘अहो, डबा रिकामा कोण परत करतं?’ मला वाटलं, तिला पदार्थ उरतील अशी शंका आहे. मी तिला धीर दिला.

रिसोट्टो गौरम्मांकडे गेला आणि डबा शेंगाचटणीने भरून परत आला. पास्ता इंद्रायणीबाईंकडे गेला, डब्यातून नाचणीचे लाडू आले. वांग्याचा प्रकार शमशादभाभींकडे गेला, त्या डब्यातून डाळ-दुधीचा दालचा आला, वर तोंडी निरोप, की यात मटण नाही, तुमच्यासाठी वेगळा केलाय. डबे बोलत होते, पण भलतंच बोलत होते. पदार्थ कसा लागला म्हणून विचारावं तर सगळीकडून एकच उत्तर, छान होतं. त्यात ज्यांनी आपल्या डब्यातून काही पाठवलं त्यांचे डबे आमच्याकडे राहिले, ते रिकामे कसे पाठवायचे म्हणून अनसूयाने त्यांत चेतनाचे पुढचे नमुने भरले. त्याबदल्यात आणखी आलं. फ्रिजमध्ये दूध ठेवायला जागा राहिली नाही. कुणाचा डबा कुणाकडे आहे, हे शोधायला लोक एकमेकांच्या दारात उभे राहू लागले, आणि रिकाम्या हाताने उभं राहायचं कसं म्हणून काहीतरी घेऊन उभे राहू लागले.

निष्कर्ष निघत नव्हता. चेतना रोज विचारायची, काय म्हणाले? मी म्हणायचो, सगळ्यांना छान वाटलं. आणि तुम्हाला? मलाही छान वाटलं. खरं सांगायचं तर तिचे पदार्थ चाखून झाले की मी हळूच स्वयंपाकघरात जाऊन दहीभात कालवून खात होतो. पण माझं एक साधं गणित होतं. आपण नावं ठेवली की ती हिरमुसणार आणि जहाजावर जाणार. त्यामुळे मी छान म्हणत राहिलो, आणि मी ते रोज अधिकाधिक जोरात म्हणत गेलो.

मग तो बुधवार आला. दुपारी इंद्रायणीबाईंकडून आमचा एक जुना डबा आला. आत कसलेसे चौकोनी तुकडे होते, त्यावर मोहरी-कढीपत्त्याची खमंग फोडणी आणि भुरभुरलेली शेंगाचटणी. मी एक तुकडा तोंडात टाकला आणि बऱ्याच दिवसांनी माझ्या जिभेला बरं वाटलं. मी दुसरा घेतला. टेबलाशी अनसूया आणि चेतना बसल्या होत्या. मी डोळे मिटून म्हणालो, ‘याला म्हणतात चव. इंद्रायणीबाईंच्या हातात काहीतरी आहे.’

अनसूयाने माझा पाय टेबलाखाली दाबला. मला वाटलं, परस्त्रीची स्तुती आवडली नाही. तरी मी विषय बदलण्याऐवजी तिलाच पाककृती विचारून घ्यायला सांगितलं.

‘बाबा, तो माझा लझानिया आहे,’ चेतना म्हणाली.

तो खरोखरच तिचा लझानिया होता. अनसूयाने नंतर चौकशी करून त्याचा मार्ग शोधून काढला. रविवारी संध्याकाळी आम्ही तो गौरम्मांकडे दिला होता. दुसरा दिवस सोमवार, त्या सोमवारी लसूण खात नाहीत, आणि अन्न टाकायचं नाही म्हणून त्यांनी तो शमशादभाभींकडे पाठवला. इटलीच्या जेवणात दारू घालतात असं भाभींच्या कानावर आलेलं, विचारणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी तो इंद्रायणीबाईंना दिला. बाईंकडे आमचा डबा अडकून पडला होता. तो रिकामा द्यायचा नाही, पण फिकं अन्न दुसऱ्याच्या घरी कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी वरून फोडणी दिली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या परीने चांगुलपणाच केला होता, आणि तिघींनीही आपापल्या ठिकाणी छान होतं असंच सांगितलं होतं.

‘म्हणजे आता चव आली,’ चेतना म्हणाली. ‘आधी नव्हती.’

‘आधीही छानच होती,’ मी म्हणालो. माझ्या तोंडात अजून तुकडा होता.

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती चिडली नाही. डब्याला झाकण लावत म्हणाली, ‘आईच्या आमटीला तुम्ही रोज नावं ठेवता. परवा जेवता जेवता उठून मीठ आणलंत. मी काहीही करून वाढलं तरी छान. पाहुण्यांच्या घरी गेल्यावर म्हणतात ना, तसं. मी काय इथे पाहुणी आलेय का, बाबा?’ मग तिनेच पुढे सांगितलं, ‘तसं असेल तर मी जातेच. तिथे निदान तोंडावर शिव्या देतात. उद्या महिना संपतो, त्या मुंबईवाल्यांचा फोन येईल, त्यांना हो म्हणून टाकते.’

ती आत गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. तिने थांबावं म्हणून जे करत होतो त्यानेच ती निघाली होती. अनसूया समोर होती. तिने चहासुद्धा विचारला नाही, त्यावरून परिस्थिती मला कळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेतना आणलेलं सामान संपवून टाकावं म्हणून तिचे सगळे पदार्थ करत होती. स्वयंपाकघरात ओट्यापासून खिडकीपर्यंत पातेली होती. मी आंघोळ करून, शर्ट घालून टेबलाशी जाऊन बसलो. कार्यालयात तपासणी असली की बसायचो तसा ताठ. मी म्हटलं, वाढ. ती म्हणाली, राहू द्या बाबा. मी पुन्हा वाढ म्हटलं.

तिने पास्ता वाढला. मी पहिला घास चावला. सवयीने जीभ छान म्हणायला वळली होती, ती मी आवरली.

‘कच्चा आहे,’ मी म्हणालो.

चेतनाने मागे वळून पाहिलं.

‘आतून कच्चा आहे. आणि सॉस आंबट आहे, त्यात गूळ नाही, तिखट नाही, काहीच नाही.’

‘कच्चा नाही तो,’ ती म्हणाली. ‘तो तसाच ठेवतात. दाताला लागला पाहिजे.’

‘मंगळवेढ्याचा हुरडाही दाताला लागतो. पण तो कोवळा आहे असं सांगून देतात. शिजवलंय असं सांगत नाहीत.’

‘हुरड्याचा इथे काय संबंध?’ तिचा आवाज चढला. झारा हातातच होता. ‘आयुष्यात कधी पास्ता खाल्लाय का तुम्ही?’

‘गेले कितीतरी दिवस दुसरं काय खातोय? रोज खातो आणि वर दहीभात खातो. मोघम सांगत नाही, रिसोट्टो तर लहान बाळाला भरवतात तसा आहे. मसालेभात म्हणून अर्जात लिहिला आणि मला त्या भल्या माणसाला तोंड दाखवायची लाज वाटते.’

‘मग लिहिलंत कशाला?’

‘तू जाशील म्हणून,’ मी म्हणालो. ‘तू जाऊ नयेस म्हणून. उपमा, शिरा, सगळं त्यासाठीच.’

हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की भिंतीपलीकडे गौरम्मांचं भाकरी थापणं थांबलं. चेतनाने वांग्याचा प्रकार माझ्या ताटात वाढला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी तो खाल्ला. नीट चावून, चूक शोधत खाल्ला. आणखी एक घास घेतला.

‘यात चूक काढायचा प्रयत्न केला,’ मी म्हणालो. ‘सापडली नाही.’

‘खरं?’

‘खरं. हा ठेव. चहा, शिरा, खिमा, कडक भाकरी सगळं काढ, हा ठेव. त्या थरांना फोडणी दे, मग तेही ठेव. पास्त्याचं मात्र काहीतरी कर, सॉसला वास येतो.’

‘वास नाही येत. ती तुळशीसारखी पानं असतात, त्यांचा स्वाद आहे तो.’

‘येतो. आईला विचार.’

अनसूयाने दारातूनच, थोडा येतो, असं सांगितलं. त्यावर चेतना तिच्यावरही घसरली, की मग इतके दिवस तोंड शिवलं होतं का तुझं, आणि अनसूया म्हणाली, की तुझे बाबा बोलू देतील तर ना. आम्ही तिघेही एकदम बोलायला लागलो. गॅसवर काहीतरी करपत होतं आणि ते तिघांनाही दिसत होतं. एवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. मुंबईचा तो माणूस होता. चेतनाने उलट्या हाताने कपाळ पुसलं आणि फोन उचलला.

‘नाही, नाही येत मी,’ ती म्हणाली. ‘कारण काय सांगू? घरी भांडण चालू आहे. हो, बरेच दिवस चालेल.’

तिने फोन पालथा ठेवला, गॅस बंद केला आणि माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

‘हं, बोला,’ ती म्हणाली. ‘कसला वास येतो म्हणालात?’

मी ताट जवळ ओढलं आणि सविस्तर सांगायला लागलो.